आठवड्याची पुडी

फाल्गुन लागला की आमच्या गावच्या रस्त्यानं जाणं मला नकोसं होतं. पण शाळेतून घरी यायला दुसरा रस्ता नाही, तेव्हा जाते. दोन्ही बाजूंना मांडव पडलेले असतात आणि मांडवांच्या बांबूंना पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकत असतात. अलिबागकडे निघालेल्या गाड्या थांबतात. काळे चष्मे लावलेल्या बायका माळ गळ्याशी धरून फोटो काढतात आणि 'काय गोड कांदा आहे हो, कच्चा खाल्ला तरी चालतो' असं आमच्याच माणसांना समजावून सांगतात. सांगोत बापड्या. मी मान खाली घालून पुढे होते. गेल्या वर्षी याच दिवसांत माझ्या हुशारीनं माझ्या आईचं वाटोळं झालं. तेव्हापासून या कांद्याचा वास मला सोसत नाही, आणि हा वास गावात चांगला दोन महिने असतो.

पूर्वी हाच वास म्हणजे माझं माहेरपण होतं. भात निघालं की त्याच जमिनीत कांद्याची रोपं लागायची आणि शिमग्याच्या आसपास कांदा वर यायचा. उपटलेला कांदा दोन-चार दिवस पातीसकट वाळवायचा, मग अंगणात आणून पातीत पात गुंफत, वेणी घालावी तशी माळ वळायची. हे काम बायकांचं आणि हे काम घाईचं. पात कडक झाली की तुटते, मग माळ होत नाही. म्हणून आमच्याकडे सावड. आज सगळ्या जणी आमच्या अंगणात, उद्या त्याच सगळ्या हिराकाकीच्या, परवा शेवंताच्या. मजुरी कोणी देत नाही, कोणी मागत नाही. तू माझ्याकडे आलीस, मी तुझ्याकडे येणार, संपलं.

माझ्या आयला सावडीत फार मान. तिनं वळलेली माळ घट्ट, सरळ, खालचे कांदे मोठे, वर जावं तसे लहान. सकाळी उकिडवी बसली की दुपारच्या भाकरीलाच उठायची. हात चालायचे आणि तोंड त्याहून जास्त चालायचं. 'ए शेवंते, वेणी घालतेस का दोरखंड वळतेस? बैल बांधायचा हाय का तुला?' शेवंता सगळ्यांत तरुण, नवी सून होती तेव्हापासून तिच्या वाट्याला हे यायचं आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. मी सुट्टीला आलेली, मला माळ कधीच नीट जमली नाही. 'तू आपली पोरांना शिकव. कांदा तुझ्या बापाच्यानंही झाला न्हाय,' असं आय म्हणायची आणि माझी माळ उसवून पुन्हा वळायची.

पन्नास वर्षं अशी बसल्यावर गुडघे राहणार कुठून? लावणीला वाकायचं, कापणीला वाकायचं, कांद्याला बसायचं. आयचे पाय बाहेरच्या बाजूला असे वाकले की मधून मांजर आरपार गेलं असतं. रात्री तेल चोळायची, दिवसा फडकं बांधायची. शेवटच्या वर्षी सावडीला गेली ती दोघींनी धरून बसवली आणि दोघींनी धरून उठवली. उठताना तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. बाप गेला तेव्हा ही बाई चारचौघांत रडली नव्हती.

मी तेव्हा पनवेलला शिक्षिका होते. तिथल्या एका हॉस्पिटलात तिला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, उजवा गुडघा पार झिजलाय, बदलावा लागेल. आयनं मला कोपरानं ढोसलं. 'कांद्याला बसता येईल का, तेवढं इचार त्यांना.' डॉक्टर हसले. जमिनीवर मांडी नाही, उकिडवं तर अजिबात नाही, पण खुर्चीवर बसाल, चालाल, देवळात जाल. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता आय म्हणाली, 'मंग खुर्चीवर बसून वळीन. कांदाच वर उचलून आना.' मी गावच्या सुताराकडून तिच्या खुर्चीच्या मापाचं उंच बाकडं करून घेतलं. मार्गशीर्षात ऑपरेशन, फाल्गुनात कांदा. मधले तीन महिने पुरे होते. तिला पुन्हा सावडीत बसलेलं बघायचं, एवढी एकच इच्छा होती, तिची आणि माझीही.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली, चौथ्या दिवशी नर्सला कांद्याची माळ कबूल करून बसली. रक्त तपासलं त्यात ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. मला हसू आलं. जन्म उन्हात गेला हिचा, आणि उन्हाचंच जीवनसत्त्व कमी! डॉक्टर म्हणाले, होतं असं, या वयात तर फारच होतं. त्यांनी एक पुडी लिहून दिली. आठवड्यातून एक, दुधातून. नीट सांगितलं, मी नीट ऐकलं. त्यांचा काही दोष नाही. मला कोणाच्या माथी मारायचं असतं तर आधी त्यांनाच धरलं असतं.

माझ्याकडे राहायला आय तयार नव्हती. 'चौथ्या माळ्यावर मी काय भितीशी बोलू?' आणि मला रजा मिळत नव्हती. तेव्हा हिराकाकी आली, आमच्या शेजारची, आयहून आठ-दहा वर्षांनी लहान. म्हणाली, 'तू जा गं तुझ्या नोकरीवर. तुझी आय आमच्या दारात जल्मभर बसली. आता आमी तिच्या दारात बसू. सावड फेडायची हाय आम्हाला.' आणि खरोखर त्यांनी पाळी लावली. सोमवार हिराकाकीचा, मंगळवार शेवंताचा, अशा सहा जणी, सहा वार. सकाळी यायचं, दिवसभर बसायचं, जेवू घालायचं, चालवायचं, औषधं द्यायची. रात्रीला हिराकाकीची सून झोपायला. रविवार माझा. एवढं माहेर कोणाला मिळतं, सांगा. मी पनवेलच्या बसमध्ये बसले आणि सुखानं रडले.

पण मी पडले शिक्षिका. मला व्यवस्था लावल्याशिवाय चैन पडत नाही. मोठ्या कागदावर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून भिंतीला चिकटवलं. सकाळच्या गोळ्या, दुपारची गोळी, रात्रीची गोळी. अंगणात दहा फेऱ्या. पलंगावर बसून पाय वाकवणं, वीस वेळा. आणि सगळ्यांत खाली, लाल पेननं: पुडी, आठवड्यातून एकदा, दुधातून, विसरू नये. तेवढ्यावर भागलं नाही. एकेकीला वेगवेगळा फोन केला. 'काकी, एक वेळ बाकी काही राहिलं तरी चालेल, ती पुडी तेवढी आठवड्यातून एकदा नक्की द्या. हाडं तिच्यावर आहेत. संपत आल्या तर अलिबागेतून आणून ठेवा.' सगळ्या म्हणाल्या, व्हय गं, काळजी नको करू. सहाही जणी शब्दाला जागल्या.

पौषातले रविवार आठवतात. मी उतरले की फाट्यावरूनच चालत यायचे, वालाच्या शेंगांचा वास यायचा, आणि अंगणात आय वॉकर सोडून काठीवर आलेली दिसायची. एका रविवारी काठीही बगलेत धरून चार पावलं टाकली. 'बघ, पोर चालायला लागली,' म्हणाली. तिचं दूध मी स्वतः करून द्यायचे. पुडीची साखरेसारखी पूड दुधात ढवळायची, पेला तिच्या हातात द्यायचा. स्टीलच्या डब्यात पुड्या कायम भरलेल्या असायच्या. मी मनात म्हणायचे, किती व्यवस्थित आहेत या बायका. माझ्या वर्गातली पोरं अशी असती तर!

संक्रांतीनंतर ती जेवेनाशी झाली. आधी वाटलं तोंडाला चव नसेल. बुधवारवालीनं जवळ्याची चटणी आणली, शुक्रवारवालीनं बिरडं आणलं, सगळं तसंच राहिलं. मग उलट्या. मग तहान, तांब्यामागून तांब्या पाणी. पोट साफ होईना. अंगणातल्या फेऱ्या दहाच्या चार झाल्या, चारच्या दोन, मग पलंगच. अलिबागेहून व्यायाम शिकवायला बाई यायची, ती म्हणाली, गुडघा आखडायला लागलाय, असं पडून राहून चालणार नाही. सगळ्यांना एकच कळलं: अशक्तपणा आलाय. आणि अशक्तपणावर घरात औषध काय, तर पुडी. ती कोणी चुकवली नाही.

आणि मी काय केलं? मी तिला बोलले. अजून ते शब्द कानात आहेत. 'सगळं गाव तुझ्यासाठी राबतंय आणि तू पलंग सोडत नाहीस. नखरे पुरे कर. चाल.' दंडाला धरून उठवलं तिला. दोन पावलं चालली आणि भिंतीला टेकली. म्हणाली, 'म्हस सोडायची हाय गं, कोनी सोडली का म्हस?' आमच्याकडे वीस वर्षांत म्हैस नव्हती. तेव्हा मी घाबरले आणि गाडी केली.

पनवेलला ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. रक्ताचा कागद आला तसा तिचा चेहरा बदलला. कॅल्शियम भलतंच वाढलेलं, किडन्यांवर ताण आलेला. औषधांची पिशवी तिनं टेबलावर ओतली. एकेक गोळी बघत गेली आणि पुडीशी थांबली.

'ही कशी देता?'

'आठवड्यातून एकदा,' मी म्हटलं. इतक्या ठामपणे म्हटलं.

'कोण देतं? कोणत्या वारी?'

'मी रविवारी देते. आणि मग सोमवारी हिराकाकी, मंगळवारी...' आणि माझं मलाच ऐकू आलं. प्रत्येक बाई आठवड्यातून एकदा येत होती. आली की एकदा पुडी देत होती. सांगितल्याबरहुकूम. आठवड्याची पुडी आय रोज पीत होती, दोन महिन्यांहून जास्त दिवस. संपली की जी ती आपली आपली आणून ठेवत होती, म्हणून डबा भरलेला. मी वार लिहिला नव्हता. वहीत आधी तारीख-वार घाला म्हणून तीस वर्षं पोरांच्या हातावर छड्या मारल्या, आणि भिंतीवरच्या त्या कागदावर मी वार लिहिला नव्हता.

आय शुद्धीवर नीट आली तेव्हा मी विचारलं, तुला रोज पुडी देत होत्या, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, 'मला काय ठावं ती आठवड्याची हाय? तू भितीवर लिवलंस. मला वाचता येतं का?' आणि पुढं म्हणाली, 'आनि एका दिशी वाटलं व्हतं, रोज रोज काय हे. पन हिराच्या हातची घेतली आनि शेवंतीला नको म्हनू? तिला काय वाटंल?'

सहा जणींना मी सांगितलं. लाल पेननं लिहिलं. जिच्या पोटात ती जाणार होती तिला सांगितलं नाही. सातही दिवस डोळ्यांनी बघणारं माणूस घरात एकच होतं, आणि तिला विचारावं, समजावून सांगावं, असं मला एकदाही वाटलं नाही. तिच्याविषयी मी सगळ्यांशी बोलले, तिच्याशी सोडून. अडाणी आईची शिकलेली लेक. अति तिथं माती म्हणतात, ते पुडीला लागू आहे, आणि माझ्या शहाणपणालाही.

हॉस्पिटलात तीन आठवडे गेले. इकडे गावात कांदा निघाला, माळा वळल्या गेल्या, उंच बाकड्यावर कोणीतरी बारदानं रचून ठेवली. ते जीवनसत्त्व अंगातून निघायला महिने लागतात म्हणे, चरबीत साठून राहतं. किडन्या पूर्वीसारख्या व्हायच्या नाहीत. आणि गुडघा, तो नवा कोरा गुडघा, अर्धवट वाकलेलाच राहिला. वेळच्या वेळी चालली नाही, व्यायाम झाला नाही, आखडला. भूल देऊन मोकळा करता येतो, पण अशा किडन्यांवर ती जोखीम नको म्हणाले. आय आता पलंगावर असते. पाय सरळ होत नाही आणि मुडपत नाही. दूध बंद, सुकी मासळी बंद, मीठ चिमटीनं, पाणी पेल्यानं मोजून. मी बदली मागून गावाजवळच्या शाळेत आले. तिला पुसते, कूस बदलते, पाणी मोजते. आशा वगैरे मी ठेवलेली नाही. लोक म्हणतात, होईल हळूहळू. होत नाही. वर्ष झालं, काही होत नाही.

गावात मी सांगितलं, रक्तात दोष झाला. आय म्हणाली होती, 'पुडीचं कोनाला सांगू नको. बायका खंगतील.' म्हणून बायका यायच्या, तिच्यापाशी बसायच्या, हळहळायच्या. हिराकाकी नारळ ओवाळून टाकून आली. 'कोनाची नजर लागली गं,' म्हणायची आणि आयच्या केसांना तेल लावायची. मी चुलीकडे तोंड करून चहा करायचे. वर्षभर हे असं चाललं. जमलंही असतं जन्मभर.

पण गेल्या पंधरवड्यात हिराकाकी माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या अंगणात कांदा पडला होता आणि तिला उकिडवं बसवत नव्हतं. म्हणाली, 'माझंबी गुडघं गेलं. पोरानं तारीख घेतली हाय. मला भीती न्हाय वाटत, तुझ्या आयचं नशीब वायलं. तू फक्त तुझ्या आयला लागली व्हती तशी पाळी लावून दे. कागद लिवून दे भितीला. सगळ्या येतो म्हनल्यात.'

गप्प बसले असते तर? कागदावर वार लिहून दिला असता, हिच्या पुड्या मीच मोजल्या असत्या, भागलं असतं. तसंच करायचं ठरवलं होतं. कागद घेतला, पेन घेतलं, आणि खाली ठेवलं. ही बाई माझ्या व्यवस्थेवर भरवसा ठेवून टेबलावर आडवी पडणार होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

ती बोटांवर वार मोजत होती. मोजून झाले तशी म्हणाली, 'म्हंजी सोमवारची मी.'

'काकी, एकट्या तुमची नाही. रविवारची मी होते. चूक माझी आहे, तुम्ही सांगितलं तेच केलंत.'

'तुझ्या आयला ठावं हाय?'

'हो.'

'वरीसभर ठावं हाय?'

मी मान डोलावली. 'आनि ती माझ्याकडून तेल लावून घेत राहिली,' ती म्हणाली आणि उठली. उठताना गुडघ्यानं दगा दिला तेव्हा मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

दोन दिवसांनी तिच्या मुलानं तारीख रद्द केली. ती निरोप द्यायला दारापर्यंत आली, आत आली नाही. 'माझं गुडघं हायत तसंच बरं. कोनाच्या हातून काय घडायचं आनि कोनी जल्मभर झुरायचं. नको.' ती काठी टेकत गेली. पाय तसेच बाहेर वाकलेले, आयचे होते तसे. शहाणपणा करून मी आईचा पाय घालवला, आणि खरं बोलून आणखी एका बाईचा. आता उरलेल्या पाच जणींना कोणी सांगितलं, हिराकाकीनं का आणखी कोणी, ते मला माहीत नाही. पण कळलं.

काल दुपारी सहाही जणी एकदम आल्या. सावडीचे दिवस, अंगणं कांद्यानं भरलेली, पात कडक होत चाललेली, आणि ह्या काम टाकून आलेल्या. आयच्या पलंगाभोवती खाली बसल्या. आयला इतका आनंद झाला. 'आज एकदम सगळ्या? कांदा काय गाडीवाल्यांनी वळायला घेतला का?' कोणी हसलं नाही. शेवंता जमिनीकडे बघत होती. आय एकेकीचं तोंड बघत गेली, आणि तिला समजलं असावं, कारण तिनं पुढं काही थट्टा केली नाही.

मग म्हणाली, 'पानी द्या गं कोनीतरी. घसा सुकला.'

तांब्या शेवंताच्या गुडघ्याशी होता. पेला त्यावर उपडा होता. शेवंतानं दोन्ही हात पदराखाली घेतले. हिराकाकीनं भिंतीकडे तोंड केलं. सहा बायका बसल्या होत्या, हाताच्या अंतरावर पाणी होतं, आणि एकही उठेना. आय वाट बघत राहिली. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी उठले.